एमपीटी करू का, आणि करून परत इथंच येऊ का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) होऊन चार वर्षं झाली, त्यातली तीन कंत्राटी नोकरीत गेली. ओपीडीतून चिठ्ठी येते, 'शेक द्या', 'ट्रॅक्शन द्या' (म्हणजे मणक्याला ओढ). मी देते. पेशंट दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. आता ऐकते की नवा आयोग आला, बीपीटी पाच वर्षांची होणार. मग आमच्या जुन्या पदवीची किंमत राहील का? मैत्रिणी एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करून नागपूर-पुण्यात लागल्या. त्या म्हणतात स्पोर्ट्स घे नाहीतर ऑर्थो घे, मागणी आहे. बाबांची पाच एकर कोरडवाहू, कपाशी-तूर. घरात लग्नाचं बोलणं सुरू आहे. आई म्हणते लागलेली नोकरी सोडू नको. मी एमपीटी करू का? कशात करू? आणि करून परत इथंच आले तर दोन वर्षं वाया गेली असं होईल का?

ता. क. माझ्याकडे एक काका येतात. लकवा होऊन चार महिने झाले. घरच्यांनी आढ्याला दोर टाकून, त्यांचा हात बांधून वर ओढायचा व्यायाम सुरू केला आहे. खांदा फार दुखतो म्हणतात. दुखलं तरी चालू ठेवू द्यावं का?

* * *

प्रिय मुली,

तुझ्या वयाच्या मुलींना मी वीसएक वर्षं शिकवलं, म्हणून 'तू' म्हणते. नाव-गाव छापत नाही, काळजी करू नको.

आधी भीतीचं बघू. राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ चा आहे. अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठीचा तो देशातला पहिला एकत्र कायदा, आणि फिजिओथेरपी त्यात आहे. २०२५ मध्ये आयोगाचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. तो पुढे प्रवेश घेणाऱ्या मुलांसाठी आहे. त्यामुळे तुझी साडेचार वर्षांची पदवी रद्द होत नाही. राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलची तुझी नोंदणी चालू आहे का, नूतनीकरणाची तारीख कधी, एवढं मात्र आजच बघून घे. कंत्राटी कामाच्या धबडग्यात ते राहून जातं.

त्याच कायद्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपिस्टची व्याख्या आहे. ती एकदा शांतपणे वाच. त्यात तपासणी आहे, योग्य त्या चाचण्या आहेत, प्रतिबंध, स्क्रीनिंग, निदान, उपचार, आरोग्यसंवर्धन, सगळं आहे. स्वतंत्रपणे किंवा चमूत राहून काम करता येईल असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि त्यासाठी किमान पात्रता पदवीची ठेवली आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी तू आज, बीपीटीवरच, स्वतः तपासून निर्णय घेणारी व्यक्ती आहेस. आणि तू काय लिहितेस? 'चिठ्ठी येते, मी देते.' तुझ्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. तुझ्या एमपीटीच्या प्रश्नाचं उत्तर मी याच वाक्यापासून सुरू करणार आहे.

मीही चिठ्ठीवर काम केलं आहे. पहिली नोकरी, एका तालुक्याच्या गावातलं खासगी रुग्णालय. चाळिशीची एक बाई आली, निंदणाला जाणारी. पाठ दुखते. चिठ्ठीवर होतं, ट्रॅक्शन आणि शॉर्टवेव्ह (यंत्राचा शेक), दहा दिवस. मी आठ दिवस दिलं, अगदी घड्याळ लावून. आठव्या दिवशी ती उठता उठता म्हणाली, "बाई, रातच्यालेच जास्त ठणकते. अन् संध्याकाळी आंग तापते." तेव्हा कुठे मी तिला नीट बघितलं. वजन उतरलेलं, एक मणका बोटाला वर आलेला लागत होता, पायांत जोर कमी. मणक्याचा टीबी निघाला. औषधं सुरू झाली, ती वाचली, पुढे चाललीही, पाठीचा बाक मात्र राहिला. मी पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारले असते, रात्री दुखतं का आणि ताप येतो का, तर ते आठ दिवस गेले नसते. ओढ देऊ नये अशा मणक्याला मी आठ दिवस ओढ देत होते. चिठ्ठी डॉक्टरांची होती, पण रोज तिला हात मी लावत होते.

त्यानंतर सहा वर्षं काम करून मी पदव्युत्तर शिकायला गेले. तिथे मला काय मिळालं हे तुला सांगते, कारण तुझ्या मैत्रिणी 'मागणी' सांगतात, हे सांगत नाहीत. नवी यंत्रं फार मिळाली नाहीत. मिळालं ते असं, की पेशंटला हात लावण्याआधी मनात दोन-तीन शक्यता मांडायच्या, मग एकेक खोडत जायचं. कुणाला आपण हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी पुढे पाठवायचं, ते ओळखायचं. पेशंट सुधारतो आहे असं 'वाटतं' म्हणून भागत नाही, मोजून दाखवायचं. बारावीनंतर थेट बीपीटीत आलेल्या मुलीला हे सगळं पुस्तकात भेटलेलं असतं, पण रोज सकाळी वॉर्डात उभं राहून कुणीतरी "का?" विचारत नाही तोवर ते अंगात मुरत नाही. एमपीटीची दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं रोज कुणीतरी "का?" विचारणं. ज्या कॉलेजात हे विचारणारं कुणी नसेल तिथली पदवी भिंतीवर टांगायच्या कामाची.

म्हणून माझं उत्तर: एमपीटी कर. पण या वर्षी अर्ज भरायची घाई करू नको. एक हंगाम थांब.

का, ते सांगते. तुझ्याकडे शहरातल्या मैत्रिणींकडे नाही अशी एक गोष्ट आहे, तू तिची नोंद ठेवत नाहीस. पेशंट तिसऱ्यांदा येत नाही, हे तू तक्रार म्हणून लिहिलंस. मला तो अभ्यासाचा विषय दिसतो. वेचणीच्या दिवसांत बाई दहा दिवस रोज ओपीडीला कशी येईल? किलोवर मजुरी, सकाळी कमरेला ओटी बांधून निघायचं ते संध्याकाळी वजन करून परत. एसटी दिवसातून दोनदा. आली तर त्या दिवसाची मजुरी गेली. आपल्याला कॉलेजात शिकवतात तो दहा सिटिंगचा हिशेब तिच्या आयुष्यात बसतच नाही. ती दोनदाच येणार आहे. तर दोन भेटींत तिला काय देता येईल, हा प्रश्न विचारायला शिकणं, आपल्या भागातलं खरं उच्च शिक्षण मी त्याला म्हणेन. आणि हे कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात या शब्दांत लिहिलेलं नाही. प्रश्न तुलाच घेऊन जावा लागेल.

म्हणून एक दोनशे पानी वही घे. येणाऱ्या प्रत्येकाचं वय, गाव किती किलोमीटर, काम काय (वेचणी, निंदण, फवारणी, बांधकाम, घरी), दुखणं त्यांच्याच शब्दांत. 'टोंगळा धरला' (गुडघा), 'कमरेतून उठवत नाही', 'आंगावरून वारं गेलं' (लकवा), जसं बोलतील तसं. त्यांच्या शब्दांत बरंच काही असतं. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर फवारणी करणारा गडी 'खांदा भरला' म्हणतो आणि वेचणारी बाई 'कंबर धरली' म्हणते, ती दुखणी एकसारखी नसतात, त्यांचे व्यायामही एक नसतात. पुढे लिही, कितीदा आले, कधी थांबले आणि का थांबले. आशाताईंना विचारलंस तर 'का' लगेच कळेल. लकव्याच्या पेशंटचा बार्थेल इंडेक्स, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात त्याचं मोजमाप, पहिल्या दिवशी आणि महिन्याने काढ. शंभरपैकी गुण असतात, दहा मिनिटं लागतात. कपाशी निघेपर्यंत एवढं केलंस की तुझ्याकडे प्रबंधाचा विषय तयार असेल, आणि मुख्य म्हणजे कशात एमपीटी करायची ते वहीच सांगेल.

तरी माझा कल सांगते. न्यूरो, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचं.

वहीत आकड्यांनी सगळ्यात जास्त कंबर आणि टोंगळे निघतील, मला माहीत आहे. त्यामुळे ऑर्थो घ्यावं असं वाटेल. पण कंबर-टोंगळ्यांचं बरंचसं काम तू आजच करू शकतेस. थोडं वाचन, एखादी चांगली कार्यशाळा आणि ती दोन भेटींची शिस्त एवढं पुरतं. एकटीनं जमत नाही ते लकवा झालेल्या माणसाचं, सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल अडलेल्या) लेकराचं, झाडावरून किंवा विहिरीत पडून मणका गेलेल्या तरुणाचं. चंद्रपूरपलीकडच्या गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने ८६ गावांमधले मृत्यू तपासले, तेव्हा दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा निघाला. हा झाला मरणाऱ्यांचा आकडा. जे वाचतात ते पडवीत खाटेवर असतात. कुणी त्यांना बसवायला, उठवायला, घास तोंडात न्यायला पुन्हा शिकवलं नाही तर तिथेच राहतात. त्यांच्यासाठी तालुक्यात कोण आहे? तूच ना.

कम्युनिटी फिजिओथेरपी ही दुसरी निवड, आणि चांगली आहे. अट एकच, त्या विभागाचं खरोखर एखाद्या गावात रोजचं काम हवं. काही ठिकाणी वर्षातून चार शिबिरं आणि बॅनरखाली फोटो एवढ्यालाच कम्युनिटी म्हणतात. तसलं असेल तर न्यूरो घेऊन प्रबंध गावात कर.

स्पोर्ट्स वाईट नाही, मैत्रिणींना दोष देऊ नको. आपल्याकडे पोलीस भरतीची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर फाटके बूट घालून धावतात आणि नडगी दुखली की मूव्ह चोळून पुन्हा धावतात. त्यांच्यासाठी कुणीतरी हवंच. पण तू पत्रात ज्या पेशंटबद्दल कळवळून लिहिलंस ते लकव्याचे काका आहेत. ताज्या कलमात माणूस मनातलं लिहितो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मीच काढते. तुझ्या भागात हा आजार आहे. पूर्व विदर्भात तर घराघरांत त्याची ओळख आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, गावोगाव तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. पण सिकलसेलमध्ये खुब्याच्या सांध्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि विशी-पंचविशीतली मुलं लंगडायला लागतात, हे फिजिओच्या टेबलावर येईपर्यंत कुणी ओळखत नाही. 'टोंगळा दुखते' म्हणत येतात, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. तरुण पोरगा गुडघा दुखतो म्हणत आला तर खुबा आत वळवून बघ, आणि सिकलसेलची तपासणी झाली का विचार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, सिकलसेल त्यातला एक आहे. त्या पोराला प्रमाणपत्र मिळू शकतं हेही त्याला तुझ्याकडूनच पहिल्यांदा कळेल.

आता व्यवस्था बदलते आहे असं तू म्हणतेस ते. बदलते आहे, हळू. आपल्या देशात हा व्यवसाय उभा राहिला तोच मुंबईतल्या पोलिओच्या साथीतून. १९५३ मध्ये केईएममध्ये पहिलं विद्यालय निघालं. तेव्हा लेकरांचे पाय हा प्रश्न होता. आज उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, तिथल्या सेवांच्या यादीत रक्तदाब-मधुमेहाबरोबर म्हाताऱ्यांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी आली. लहान मुलांसाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, तिथे फिजिओचं पद आहे. समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग मुलांसाठी थेरपी आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पुनर्वसन प्राथमिक आरोग्य सेवेपर्यंत न्यावं असा ठराव केला. जगातल्या दर तीन माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी पुनर्वसनाची गरज असते असा त्यांचा अंदाज आहे. ठराव कागदावर होतात आणि कागद आपल्या तालुक्याला पोहोचायला वेळ लागतो. पण पोहोचतो तेव्हा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला, आशाताईला शिकवणारं कुणीतरी तालुक्यात लागतं. एक फिजिओ शंभर गावांत जाऊ शकत नाही. ती शंभर आशांना लकव्याच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते शिकवू शकते. शिकवणं हेही एमपीटीत मिळतं, कारण तिथे तुला बीपीटीच्या मुलांचे वर्ग घ्यावे लागतात.

पुनर्वसन हा शब्द विदर्भाला नवा नाही, हेही लक्षात असू दे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढलं. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची. बोटं झडलेल्या, वाकडी झालेल्या हातांनी लोकांनी तिथे शेती केली, विणलं, घरं बांधली. हात बरा करणं आणि त्या हाताला काम देणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे आपल्या मातीत आधीच करून दाखवलेलं आहे. न्यूरोच्या पुस्तकात तुला 'टास्क ओरिएंटेड ट्रेनिंग' (रोजच्या कामातूनच सराव) असा धडा लागेल, तो वाचताना हे आठव.

कॉलेजचं थोडक्यात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांना राज्याच्या सीईटी कक्षाची एमपीटीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. सावंगी मेघेचं अभिमत विद्यापीठ आहे, तिथली प्रवेशाची वाट वेगळी. नाव बघून ठरवू नको. एक दिवस रजा टाक, सकाळी नऊला जा, वॉर्डात उभी राहा. न्यूरोचे किती पेशंट भरती आहेत, आणि एमपीटीची मुलं त्यांना स्वतः तपासतात की फक्त ओपीडीत यंत्रं लावतात, ते बघ. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला कँटीनमध्ये गाठून विचार, गाइड आठवड्यातून कितीदा भेटतात, प्रबंधाचा विषय तिनं निवडला की हातात दिला. स्टायपेंड मिळतो का, किती आणि वेळेवर मिळतो का, तेही तिलाच विचार, कार्यालयाला नको. आणि घरबसल्या, पत्राद्वारे एमपीटी करून देतो असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. हाताने शिकायची विद्या आहे ही.

पैशाचं. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींसाठी राज्याने २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कसवलत वाढवली आहे. ती केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून येणाऱ्यांना आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेलीस तर नाही. तुझ्या प्रवर्गाला आणि त्या कॉलेजला ती कशी लागू होते ते प्रवेश घेण्याआधी महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ) आणि कॉलेजात दोन्हीकडे विचार. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर ते, तहसीलमध्ये आत्ताच टाकून ठेव. परीक्षेच्या महिन्यात सेतू केंद्रावर रांग असते. वावर गहाण टाकून मात्र ही पदवी घेऊ नको. खरं सांगते, कंत्राटी पदावर एमपीटी झाल्याने पगार फारसा वाढत नाही. वाट रुंदावते ती दुसरीकडे: कॉलेजात शिकवायचं असेल तर एमपीटी लागतेच, मोठ्या रुग्णालयात न्यूरो किंवा आयसीयूचं काम मिळतं, स्वतःची ओपीडी काढलीस तर लोक लांबून येतात. पण शिकून आलेल्या दुसऱ्याच महिन्यात कर्जाचा हप्ता भरता येईल अशी ही डिग्री नाही. बाबांना हे आधी सांग. पाच एकर कोरडवाहूच्या माणसाला हिशेब कळतो, त्याच्यापासून लपवू नये.

आई नोकरी सोडू नको म्हणते, ती चुकीचं बोलत नाही. तिला त्या पगारातली निश्चिती दिसते. म्हणूनच एक हंगाम थांबायला सांगितलं. तेवढ्यात थोडे पैसे साठतील, अभ्यास होईल, वही भरेल. आणि तू चिडून निघाली नाहीस, ठरवून निघालीस, हे आईलाही दिसेल. लग्नाचं एवढंच म्हणते, की जो मुलगा बघायला येईल त्याच्यासमोर दोन वर्षांच्या शिक्षणाची गोष्ट पहिल्याच भेटीत काढ. चहा होईपर्यंत त्याचं उत्तर कळतं.

परत आलीस तर दोन वर्षं वाया जातील का, हा तुझा शेवटचा प्रश्न. मला वाटतं तू हा प्रश्न पगाराबद्दल विचारलेला नाहीस. परत येऊन पुन्हा तीच चिठ्ठी हातात आली तर काय, ही ती भीती आहे. चिठ्ठी येईल. पहिले सहा महिने तरी येईलच. त्यावर माझा मार्ग सांगते, तो तू उद्यापासूनही सुरू करू शकतेस. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहून ती परत पाठवायची. काय तपासलं, काय आढळलं, काय करते आहे, आणि कशासाठी पुन्हा बघावं असं वाटतं. सहीखाली तारीख. भांडण नाही, तक्रार नाही. मी ज्या डॉक्टरांबरोबर पुढे काम केलं, त्यांच्यापैकी एकानं तिसऱ्या महिन्यात चिठ्ठीवर 'ट्रॅक्शन' लिहायचं सोडून 'कृपया तपासून ठरवा' लिहायला सुरुवात केली. त्यांच्यावरही दीडशे पेशंटची ओपीडी असते. समोर नीट तपासणारं कुणी आहे हे कळलं की त्यांनाही आधार वाटतो. एमपीटी करून आलीस की त्या चार ओळी जास्त नेमक्या होतील.

आणि परत यायचंच असं बंधन स्वतःवर घालू नको. दोन वर्षांनी नागपूरला राहावंसं वाटलं तर राहा, त्यात गावाशी बेइमानी नाही. तिथल्या वॉर्डातही निम्मे पेशंट आपल्याच तालुक्यांतून आलेले असतात. पण एवढं माझ्या मनात आहे म्हणून सांगते. कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) मी एका लेकराला बघायला गेले होते, सहा वर्षांचं, सेरेब्रल पाल्सी. त्याला कुणी कधी बसवलं नव्हतं. आम्ही जुन्या प्लास्टिकच्या खुर्चीला गोणपाट आणि चिंध्या लावून त्याचं आसन केलं. बसल्यावर त्यानं पहिल्यांदा समोरून आईकडे बघितलं. आतापर्यंत त्यानं तिला फक्त खालून, निजल्या जागेवरून बघितलेलं होतं. त्याची माय काहीच बोलली नाही, नुसती त्याच्यासमोर उकिडवी बसून राहिली. ते लेकरू नागपूरच्या वॉर्डापर्यंत आलंच नसतं.

आता काकांचं, कारण ते थांबू शकत नाही.

दोर आजच सोडायला सांग. पुलीने किंवा दोराने लकव्याचा हात वर ओढणं हे खांदा दुखण्याचं मोठं कारण आहे. हात डोक्यावर जाताना खवाटा, म्हणजे पाठीमागचं फावड्यासारखं हाड, सोबत फिरावं लागतं आणि दंड बाहेरच्या अंगाला वळावा लागतो. लकव्यात हे दोन्ही होत नाही, दोर मात्र ओढतच राहतो आणि सांध्यातले नरम भाग मध्ये चेंगरतात. 'दुखलं तरी चालू ठेवा' हे इथे अजिबात लागू नाही.

तू स्वतः जा, शक्य असेल तर घरी. खांद्याच्या हाडाखाली बोट ठेवून खाच लागते का बघ, दुसऱ्या खांद्याशी ताडून बघ. पंजा सुजलेला, लालसर, गरम आहे का, बोटं मिटताना दुखतात का बघ. तसं असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखव, ते नुसतं खांद्याचं राहिलेलं नाही. नसेल तर खवाटा हाताने सैल करून घे, मग दंड बाहेर वळवूनच हात उचल, खांद्याच्या उंचीपर्यंत आणि दुखण्याच्या अलीकडे. बसताना हात मांडीवर उशी ठेवून तिच्यावर, लटकता ठेवायचा नाही. निजताना खांद्याखाली घडी केलेली चादर. खाटेच्या कडेला बसवून पंजा बाजूला टेकवायचा आणि अंगाचा भार त्यावर थोडा थोडा घ्यायला लावायचा.

हे सगळं काकूंकडून तुझ्यासमोर दोनदा करून घे. आणि घरातले त्यांना उठवताना काखेत हात घालून किंवा त्या हाताला धरून ओढत असतील, जवळपास सगळेच ओढतात, तर कमरेला जुनं धोतर गुंडाळून त्याला धरून उठवायला शिकव. दोर नेऊन गोठ्यात ठेवा म्हणावं. काकांच्या मुलाला वाईट वाटेल, कारण तो बापासाठी काहीतरी करत होता. त्याला दुसरं काम दे. रोज संध्याकाळी वडिलांच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून, समोरच्या पाटावर ठेवलेला पेला पुढे ढकलायचा, वीस वेळा. तो मोजेल.